पत्राचा शीर्षभाग : नाव, वेळ आणि लिपी

१९१३ सालच्या जानेवारी महिन्याच्या १६ तारखेस मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातील एका कारकुनाने केंब्रिज येथील गणितज्ञ जी. एच. हार्डी यांस पत्र लिहिले. कारकुनाचे वेतन वर्षाला अवघे २० पौंड होते, आणि पत्रासोबत गणितातील सिद्धांतांनी भरलेली पाने जोडलेली होती. पत्राच्या माथ्यावर गावाचे नाव व दिनांक होता आणि अखेरीस ‘एस. रामानुजन’ अशी सही होती. पुढे काय घडले हे सर्वश्रुत आहे. प्रस्तुत प्रकरणाचा विषय त्या पत्रातील गणित नसून त्याची चौकट हा आहे. गाव, दिनांक आणि नाव या तीन गोष्टी हार्डी यांनी एका दृष्टिक्षेपात वाचल्या असतील. ‘एस.’ हे आद्याक्षर कोणाच्या नावाचे, मद्रासच्या घड्याळात त्या वेळी किती वाजले होते, या गोष्टींवाचून त्यांचे काहीही अडणार नव्हते. कारण ते पत्र मनुष्याने मनुष्यासाठी लिहिले होते.

त्याच शहरातून, म्हणजे आजच्या चेन्नईतून, निघालेले ई-मेल मनुष्याच्या नजरेस पडण्यापूर्वी अनेक यंत्रे वाचतात. यंत्राला अंदाज बांधता येत नाही. त्याला नियम लागतात. पत्र कोणाचे, कोणास, केव्हाचे आणि कशाविषयी, हे पत्राच्या आरंभीच्या ज्या ओळींवरून यंत्र ठरवते, त्या ओळींना ‘शीर्षभाग’ म्हणावे आणि त्यातील प्रत्येक नोंदीला ‘रकाना’. हे रकाने वाचणाऱ्या आणि रचणाऱ्या तयार आज्ञावल्यांच्या संग्रहाला संगणकाच्या व्यवसायात ‘लायब्ररी’ असे नाव आहे. अशा संग्रहाचे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु शीर्षभागाचे मूळ नियम अमेरिकेतील एका छोट्या समूहाने आपली नावे, आपले घड्याळ आणि आपली लिपी डोळ्यांपुढे ठेवून केले होते. चेन्नईतील नावे, तेथील वेळ आणि तेथील लिपी या तिन्ही गोष्टी त्या नियमांत सहजासहजी बसल्या नाहीत. त्या कशा बसवल्या गेल्या आणि त्यासाठी संग्रहाला कोणती शिस्त पाळावी लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

पाकीट, शीर्षभाग आणि मजकूर

साध्या टपालात पाकीट वेगळे आणि पत्र वेगळे असते. टपाल खात्याचा संबंध केवळ पाकिटावरील पत्त्याशी येतो. ई-मेलमध्येही हा भेद आहे. पत्र वाहून नेणारे संगणक एकमेकांना प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा पत्ता स्वतंत्रपणे सांगतात. ते झाले पाकीट. ते मुक्कामी पोहोचल्यावर बहुधा फेकले जाते. शीर्षभाग मात्र पत्राच्या आतच असतो आणि वाचकाला दिसणारे नाव त्यातून घेतलेले असते. पाकिटावरील आणि आतील नाव एकच असावे असा निर्बंध मूळ पद्धतीत नव्हता. खोट्या नावाने पत्र पाठवणाऱ्यांचे फावले ते या फटीमुळेच.

सरकारी कचेरीच्या पत्रात ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘दिनांक’ असे ठरावीक शब्द लिहून त्यांपुढे मजकूर भरतात. शीर्षभागाची रचना याहून फारशी निराळी नाही. रकान्याचे नाव, त्यानंतर अपूर्णविराम आणि त्यापुढे मूल्य, अशी प्रत्येक नोंद असते. रामानुजन यांनी ते पत्र आज पाठवले असते, तर त्याचा शीर्षभाग पुढीलप्रमाणे दिसला असता. रकान्यांची नावे मुळात इंग्रजी आहेत. येथे ती वाचकाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत आणि पत्ते काल्पनिक आहेत.

फ्रॉम: "एस. रामानुजन" <रामानुजन@मद्रास.उदाहरण>
टु: <हार्डी@केंब्रिज.उदाहरण>
सब्जेक्ट: काही सिद्धांत
डेट: १६ जानेवारी १९१३ १०:०० +०५३०

यानंतर एक रिकामी ओळ येते. पहिली रिकामी ओळ हीच शीर्षभागाची सीमा होय. तिच्यापुढचे सारे मजकुरात जमा. एखादी नोंद लांबली तर ती पुढील ओळीवर नेता येते, मात्र त्या ओळीचा आरंभ मोकळ्या जागेने व्हावा लागतो. वहीत लांबलेली नोंद कारकून जरा आत सरकवून पुरी करतो, तशीच ही रीत आहे. ओळ शक्यतो ७८ अक्षरांत संपवावी आणि कोणत्याही परिस्थितीत ९९८ अक्षरांपलीकडे जाऊ देऊ नये, असा नियम आहे.

या नियमांना मोठा इतिहास आहे. १९७३ साली ‘अर्पानेट’ या अमेरिकन जाळ्यावर शीर्षभागाचा पहिला सामाईक मसुदा प्रसृत झाला. १९७७ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी सिद्ध केलेला ‘आरएफसी ८२२’ हा मानक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. पुढे पीटर रेझनिक यांच्या संपादनाखाली २००१ आणि २००८ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्यांतील दुसरी ‘आरएफसी ५३२२’ या नावाने ओळखली जाते.

शीर्षभागात आणखी एक प्रकारची नोंद असते. पत्र ज्या ज्या संगणकातून पुढे जाते, तो तो संगणक आपली ‘रिसीव्हड’ ही नोंद सर्वांत वर चिकटवतो. कचेरीतील आवक-जावक बारनिशीच्या शिक्क्यासारखीच ती असते. साहजिकच पत्राचा प्रवास समजून घेण्यासाठी हे शिक्के खालून वर वाचावे लागतात. यावरून संग्रहकर्त्याने पहिला धडा घ्यावयाचा तो असा : शीर्षभाग म्हणजे शब्दकोश नव्हे. शब्दकोशात एका शब्दाला एकच जागा असते आणि क्रम अक्षरांचा असतो. येथे काही रकाने अनेकदा येतात, त्यांच्या क्रमाला अर्थ असतो, आणि रकान्याच्या नावात लहान-मोठ्या इंग्रजी लिपीचा भेद मानला जात नाही. उलट प्रेषक आणि दिनांक हे रकाने एकदाच यावे लागतात आणि विषयाचा रकाना एकाहून अधिक वेळा येता कामा नये. जो संग्रह सर्व नोंदी शब्दकोशात कोंबतो, तो शेवटचा एक शिक्का ठेवून बाकीचे पुसून टाकतो. आणि पत्र कोठून आले याचा पुरावा त्याबरोबर नाहीसा होतो.

मद्रासमधील आरंभ

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधनासाठीचे संगणकजाळे हाती घेतले. त्यात आठ संस्था होत्या : मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतील खुद्द इलेक्ट्रॉनिकी विभाग, आणि दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी. १९८७ साली मुंबईतील दोन संस्थांमध्ये दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. १९९२ पर्यंत या सर्व संस्था सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या भाड्याच्या तारांनी जोडल्या गेल्या होत्या. त्या वेगाने दीड हजार अक्षरांचा शीर्षभाग तार ओलांडण्यास सव्वा सेकंद लागतो. शीर्षभागातील प्रत्येक ओळीचे मोल त्या काळी वेळेत मोजता येत असे.

त्या जाळ्यावरील पहिली टपालसेवा ‘यूयूसीपी’ पद्धतीची होती. तिच्यात पत्ता म्हणजे मुक्काम नसून मार्ग असे. वाटेतील यंत्रांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून एकापुढे एक लिहीत. ‘अॅट’ चिन्हाच्या पत्त्यात केवळ अंतिम ठिकाण असते. मार्ग शोधणे हे यंत्रांचे काम असते. या दोन पद्धतींच्या सीमेवर उभ्या असलेल्या संगणकाला शीर्षभागातील पत्ते एका व्याकरणातून दुसऱ्या व्याकरणात उतरवावे लागत. पत्ता चुकीचा उतरला तर पत्र पोहोचे, परंतु त्याचे उत्तर परत येत नसे.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आरंभीच्या शहरांत मद्रास होते. पुढच्याच वर्षी शहराचे नाव अधिकृतपणे चेन्नई झाले. आता ई-मेल प्रयोगशाळेबाहेर, बँका, कचेऱ्या आणि घरे यांत शिरले. त्याबरोबर शीर्षभागात संशोधकांच्या ठरावीक नावांऐवजी सर्व तऱ्हेच्या माणसांची नावे येऊ लागली.

नावातील टिंब

तमिळ समाजात आडनाव लावण्याची प्रथा बहुतांशी नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी आणि स्वतःचे नाव नंतर, अशी तेथील सर्वसाधारण रीत आहे. रामानुजन यांचा ‘एस.’ हा त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे श्रीनिवास यांच्या, नावाचा होय. आद्याक्षरापुढे टिंब द्यावयाचे हेही ओघाने आले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, पु. ल. देशपांडे आणि वि. वा. शिरवाडकर ही नावेही टिंबांशिवाय पुरी होत नाहीत.

१९८२ च्या मानकात मात्र टिंबाला विशेष चिन्हाचा दर्जा होता. कोनी कंस, स्वल्पविराम, अपूर्णविराम आणि ‘अॅट’ यांच्याच पंक्तीत ते बसवले होते, कारण पत्त्यातील स्थळनामाचे भाग टिंबाने वेगळे होतात. परिणामी ‘एस. रामानुजन’ हे नाव उघडे लिहिणे व्याकरणदृष्ट्या अशुद्ध ठरले. ते अवतरणचिन्हांत घातले तरच नियमात बसे. एका अख्ख्या प्रांतातील नावे अशा रीतीने नियमबाह्य झाली आणि ती लिहिणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. लोक नावे अवतरणचिन्हांवाचून लिहीत राहिले, आणि अनेक आज्ञावल्या ती तशीच पाठवीत राहिल्या.

२००१ च्या आवृत्तीने यावर तोडगा काढला. नावातील उघडे टिंब ‘जुन्या वळणाचे’ लेखन म्हणून वाचणाऱ्याने स्वीकारावे. लिहिणाऱ्याने मात्र ते कदापि निर्माण करू नये. १९८० च्या सुमारास जॉन पोस्टेल यांनी जाळ्यावरील सर्वच व्यवहारांसाठी जे तत्त्व सांगितले होते, त्याचेच हे उदाहरण. देताना काटेकोर असावे, घेताना उदार असावे.

टिंबापेक्षा स्वल्पविराम अधिक घातक आहे. इंग्रजी नोंदवह्यांच्या रिवाजाप्रमाणे कोणी ‘रामानुजन, एस.’ असे उलटे नाव अवतरणचिन्हांवाचून लिहिले, तर स्वल्पविराम हा दोन प्राप्तकर्त्यांमधील विभाजक असल्याने यंत्राला तेथे दोन व्यक्ती दिसतात : एक पत्ता नसलेला रामानुजन आणि दुसरा कोणी ‘एस.’. नवशिका आज्ञावलीकार प्राप्तकर्त्यांची यादी स्वल्पविरामापाशी तोडून मोकळा होतो. त्याची चूक इतकीच, की तो अक्षरे मोजतो आणि व्याकरण पाहत नाही. मराठी शाळेत पूर्वी वाक्याचे ‘व्याकरण चालवीत’; प्रत्येक शब्दाची जात आणि त्याचे कार्य सांगितल्याखेरीज वाक्य समजले असे मानीत नसत. पत्त्याच्या रकान्याचेही असेच व्याकरण चालवावे लागते. हा स्वल्पविराम अवतरणात आहे की बाहेर, हा कंस टिपणीचा आहे की पत्त्याचा, हे डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह घेऊन ठरवावे लागते.

असे व्याकरण चालवणे तज्ज्ञांनाही सोपे नाही. ‘पायथॉन’ या संगणकभाषेबरोबर मिळणाऱ्या संग्रहातील पत्ते वाचणाऱ्या जुन्या कार्यात २०२३ साली एक दोष जाहीर झाला. विशेष चिन्हे असलेल्या काही नोंदींत ते कार्य भलताच भाग पत्ता म्हणून निवडत असे. एखाद्या संस्थेने केवळ आपल्या स्थळनामाचे पत्ते स्वीकारायचे ठरवले असेल, तर अशा चुकीच्या वाचनामुळे परक्यालाही आत येण्याची वाट मिळू शकत होती. त्यानंतर त्या कार्यात कडक वाचनाची सोय जोडण्यात आली.

साडेपाच तासांचा हिशेब

वेळ मोजण्याच्या बाबतीत मद्रासचा अधिकार जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेतील ज्योतिर्विद जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८०२ साली तेथील स्थानिक वेळ निश्चित केली. ती ग्रिनिचच्या सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे होती. पुढे रेल्वेचे वेळापत्रक याच ‘मद्रास वेळे’वर चालू लागले. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली.

ई-मेलच्या दिनांकाच्या रकान्यात स्थानिक वेळ लिहून तिचे ग्रिनिचशी असलेले अंतर जोडावयाचे असते. १९८२ च्या मानकाने हे अंतर दोन रीतींनी लिहिण्याची मुभा दिली. एक, अधिक वा उणे चिन्हासह चार अंक. दुसरी, अक्षरी संक्षेप. मात्र मान्य संक्षेपांत ग्रिनिच आणि अमेरिकेतील चार प्रमाणवेळा एवढ्यांचीच नावे होती. याखेरीज लष्करी पद्धतीची एकाक्षरी चिन्हे होती, परंतु ती पूर्ण तासांपुरतीच. शिवाय मानकात त्यांची अधिक-उणे चिन्हे उलटी छापली गेली होती. अर्ध्या तासाचे अंतर असलेल्या देशाला अंकांशिवाय गत्यंतर नव्हते.

तरीही भारतात ‘आयएसटी’ हा संक्षेप अंगवळणी पडलेला असल्याने अनेक आज्ञावल्यांनी तोच लिहिला. हीच तीन इंग्रजी अक्षरे आयर्लंड आणि इस्राएल येथील वेळांसाठीही वापरली जातात. २००१ च्या मानकाने अशा अनोळखी संक्षेपांबाबत सांगितले, की अन्य माहिती नसेल तर अंतर शून्य व अज्ञात समजावे. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चेन्नईतून सकाळी १० वाजता निघालेल्या पत्रावर अंतराऐवजी केवळ ‘आयएसटी’ लिहिले असेल, तर वाचणारे यंत्र ती ग्रिनिचची १० ची वेळ मानील आणि चेन्नईतील वाचकाला ते पत्र दुपारी साडेतीनचे दाखवील. त्या पत्राला लंडनहून ग्रिनिचच्या ६ वाजता, म्हणजे चेन्नईच्या साडेअकराला, उत्तर आले असेल. तर यादीत उत्तर आधी आणि प्रश्न चार तासांनी नंतर दिसेल. निविदेची मुदत, न्यायालयीन नोटीस, रुग्णालयाचा अहवाल अशा पत्रांत साडेपाच तासांचा फरक काय करू शकतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

वर्षाचीही अशीच एक अडचण होती. १९८२ च्या मानकात वर्ष दोन अंकांनी लिहीत. १९८९ मध्ये चार अंकांची शिफारस झाली. जुनी पत्रे वाचताना ०० ते ४९ हे अंक २००० नंतरचे आणि ५० ते ९९ हे १९०० नंतरचे मानावेत, असा संकेत २००१ साली ठरला. काही आज्ञावल्या १९०० पासूनची वर्षे मोजून २००२ च्या जागी ‘१०२’ असेही लिहीत. अशा तीन अंकी वर्षांत १९०० मिळवावेत, असेही त्याच मानकात सांगितले आहे. चांगला संग्रह हे सर्व समजून घेतो. परंतु स्वतः लिहिताना चार अंकी वर्ष आणि अंकी अंतर याखेरीज दुसरे काही लिहीत नाही.

अक्षरांचे वेष्टन

नाव आणि वेळ यांपेक्षा लिपीचा प्रश्न अधिक मूलगामी होता. १९८२ च्या शीर्षभागात १२८ चिन्हांच्या अमेरिकन संचाबाहेरचे एकही अक्षर लिहिता येत नसे. तमिळ असो वा मराठी, पत्राचा विषय मातृभाषेत लिहिण्यास मार्गच नव्हता.

१९९२ साली कीथ मूर यांनी यावर एक युक्ती सुचवली आणि १९९६ मध्ये ती ‘आरएफसी २०४७’ या मानकात स्थिर झाली. परकीय अक्षरे तशीच न पाठवता त्यांना मान्य चिन्हांच्या वेष्टनात गुंडाळावयाचे. वेष्टनाच्या आरंभी बरोबरचे व प्रश्नाचे चिन्ह असते. त्यापुढे अक्षरसंचाचे नाव, मग गुंडाळण्याच्या दोन पद्धतींपैकी एकीचे अक्षर, म्हणजे ‘बी’ किंवा ‘क्यू’, नंतर गुंडाळलेला मजकूर आणि अखेरीस प्रश्नाचे व बरोबरचे चिन्ह. अशा वेष्टनाची लांबी ७५ चिन्हांहून अधिक होता कामा नये.

या मर्यादेचा तमिळ आणि मराठी यांवर काय परिणाम होतो, हे हिशेबाने पाहता येईल. ‘यूटीएफ-८’ या प्रचलित संकेतनात तमिळ किंवा देवनागरी लिपीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘चेन्नई’ या शब्दात काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजले असता ६ चिन्हे होतात. तमिळमध्येही या नावाची चिन्हे ६ च आहेत. म्हणजे १८ बाइट. ‘बी’ पद्धतीत ३ बाइटांची ४ चिन्हे होतात, म्हणून मजकुराची २४ आणि वेष्टनाची १२ मिळून ३६ चिन्हे लागतात. ७५ मधून वेष्टनाची १२ वजा जाता ६३ उरतात. ‘बी’ पद्धतीत त्यांतील ६० वापरता येतात आणि त्यांत लिपीची केवळ १५ चिन्हे मावतात. ‘क्यू’ पद्धतीत एका बाइटाला ३ चिन्हे लागत असल्याने अवघी ७ मावतात. सामान्य लांबीचा तमिळ विषय त्यामुळे तीनचार वेष्टनांत विभागावाच लागतो.

तेथेच संग्रहाची परीक्षा होते. एका अक्षराचे ३ बाइट दोन वेष्टनांत तोडू नयेत, असा नियम आहे. ज्या संग्रहाचा कर्ता बाइट मोजून आंधळेपणाने कात्री चालवतो, त्याच्या पत्रांत नेमके तोडलेले अक्षर नाहीसे होऊन तेथे चौकोन वा प्रश्नचिन्ह उमटते. तसेच दोन लगतच्या वेष्टनांमधील मोकळी जागा वाचताना गाळावयाची असते. ती ठेवली तर शब्दाच्या मध्येच खिंड पडते. आणि अवतरणचिन्हांच्या आत वेष्टन चालत नाही. म्हणून टिंबासाठी अवतरणात घातलेले रोमन नाव आणि वेष्टनात गुंडाळलेले तमिळ नाव यांचे नियम वेगवेगळे ठेवावे लागतात.

परंतु वेष्टनावर अक्षरसंचाचे नाव लिहावयाचे, तर आधी ते नाव असावे लागते. १९९० नंतरच्या दशकात तमिळ मजकूर निरनिराळ्या टंकांसाठी निरनिराळ्या संकेतनांत लिहिला जाई. ज्या यंत्रावर तो विशिष्ट टंक नसे, तेथे पत्र म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसे. मराठी मुद्रकांना हा अनुभव चांगला परिचित आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत चेन्नईत भरलेल्या ‘तमिळनेट ९९’ या परिषदेने ‘टॅम’ व ‘टॅब’ ही दोन संकेतने आणि एक कळफलक यांची शिफारस केली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तमिळनाडू सरकारने ती मान्य केली. दुसरीकडे ‘टिस्की’ हे संकेतन अनेक तमिळ भाषकांत रूढ होते. त्याच्या नावाची आंतरराष्ट्रीय नोंदणी २००७ साली झाली. तोपर्यंत तमिळ अक्षरे ‘युनिकोड’मध्ये सामावून दीड दशक लोटले होते आणि व्यवहार हळूहळू त्याकडे वळत होता. जुन्या पत्रांचे जतन करणाऱ्या ग्रंथालयाला मात्र या सर्व संकेतनांशी आजही गाठ घालावी लागते. वेष्टनावर नावच नसलेली किंवा चुकीचे नाव असलेली पत्रे वाचताना संग्रहाने मूळ बाइट फेकून दिले असतील, तर ते पत्र पुन्हा कधीही वाचता येणार नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मानकांनी शीर्षभागात ‘यूटीएफ-८’ अक्षरे वेष्टनावाचून लिहिण्याची परवानगी दिली. पत्ताही तमिळ किंवा देवनागरीत असू शकतो. परंतु त्यासाठी वाटेतील प्रत्येक संगणकाने तशी तयारी दर्शवावी लागते. एकाने नकार दिला तर पत्र तेथेच अडते. त्यामुळे जुनी वेष्टने अद्याप निवृत्त झालेली नाहीत.

संग्रहाची कर्तव्ये

या सर्व विवेचनाचा मथितार्थ एखाद्या प्रत्यक्ष संग्रहात कसा उतरतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. बॅरी वॉर्सॉ यांनी रचलेला ई-मेलचा संग्रह २००१ च्या अखेरीस ‘पायथॉन’च्या २.२ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्यात रकान्याचे मूल्य अक्षरांची साधी माळ म्हणून हाती येई. तिचे व्याकरण चालवणे, वेष्टन उलगडणे ही कामे वापरणाऱ्याने स्वतंत्रपणे करावयाची असत. पुष्कळ जण ती विसरत. आर. डेव्हिड मरे यांनी त्याची नवी मांडणी केली. ती २०१२ साली प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०१६ साली ३.६ या आवृत्तीत कायम झाली.

नव्या मांडणीत प्रत्येक रकाना आपल्या जातीप्रमाणे वागतो. पत्त्याचा रकाना मागितला असता व्यक्तीचे नाव, खात्याचे नाव आणि स्थळनाम वेगवेगळे मिळतात. दिनांकाचा रकाना अंतरासह खरी वेळ देतो. विषय मागितला की वेष्टन उलगडून मिळतो. अशुद्ध नोंद आढळली तर संग्रह काम थांबवीत नाही. शक्य तेवढा अर्थ लावून तो आढळलेल्या दोषांची यादी रकान्याला जोडून ठेवतो आणि निर्णय वापरणाऱ्यावर सोपवतो. ओळ किती लांब असावी, बाहेर जाणारी अक्षरे कशी गुंडाळावीत, हे सर्व एका ‘धोरणा’त नमूद करावयाचे असते.

एका बाबतीत मात्र हा संग्रह उदार नाही. रकान्याच्या मूल्यात कोणी नवी ओळ सुरू करण्याचे चिन्ह घातले, तर तो ते स्वीकारण्यास साफ नकार देतो. यामागील कारण गंभीर आहे. एखाद्या संकेतस्थळावर वाचकाने आपले नाव आणि अभिप्राय लिहून पाठवावयाचा असतो आणि त्या नावापासून पत्राचा शीर्षभाग तयार होतो. एखाद्या लबाडाने नावापुढे नवी ओळ आणि तिच्यावर गुप्त प्राप्तकर्त्यांचा रकाना लिहिला, तर भोळा संग्रह ती ओळ शीर्षभागात तशीच उतरवील. आणि त्या संस्थेच्या नावाने हजारो अनोळखी लोकांना पत्रे जातील. रिकामी ओळ घातली तर शीर्षभाग तेथेच संपून बनावट मजकूर सुरू होईल. नव्या ओळीचे एक चिन्ह अडवल्याने हा सारा अनर्थ टळतो.

मूळ शीर्षभाग जसाच्या तसा राखणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. २००७ पासून पत्रांवर गणिती सही करण्याची ‘डीकिम’ ही पद्धत मानक झाली. प्रेषकाचे टपाल-यंत्र निवडक रकाने आणि मजकूर यांवरून एक सही काढते, आणि पोहोचल्यावर तिची पडताळणी होते. या सहीची सैल पद्धत ओळींच्या घड्या व मोकळ्या जागा यांतील फरक सोसते. कडक पद्धत तेवढाही सोसत नाही. परंतु मधल्या एखाद्या संग्रहाने तमिळ विषयाचे वेष्टन उलगडून पुन्हा वेगळ्या रीतीने गुंडाळले, तर दोन्ही पद्धतींत सही खोटी ठरते. अर्थ तोच असूनही खरे पत्र बनावट म्हणून बाजूला टाकले जाते. म्हणून पत्र केवळ पुढे पाठवावयाचे असेल, तर समजलेल्या अर्थावरून शीर्षभाग नव्याने रचू नये. आलेली अक्षरे हात न लावता पुढे द्यावीत.

सारांश, शीर्षभाग हाताळणाऱ्या संग्रहाने पुढील गोष्टी पाळाव्यात. रकान्यांचा क्रम आणि त्यांची पुनरावृत्ती टिकवावी. अक्षरे तोडण्याऐवजी व्याकरण चालवावे. वाचताना चुका सोसाव्यात, पण त्यांची नोंद ठेवावी. लिहिताना एकही चूक करू नये. आणि आपल्याला न समजलेले मूळ रूप कधीही नष्ट करू नये.

या नियमांत संगणकशास्त्राचा गहन भाग थोडाच आहे. त्यांच्यामागे मुख्यतः माणसांच्या वेगवेगळ्या रीतींचा विचार आहे. कोणी वडिलांचे आद्याक्षर आधी लिहितो, कोणाचे घड्याळ अर्ध्या तासाने पुढे असते, कोणाची लिपी तीन बाइटांची असते. पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाचे पत्र केंब्रिजला पोहोचले, तेव्हा त्याच्या सहीतील टिंबाने कोणाचे काही अडवले नाही. आज चेन्नईतील एखादा विद्यार्थी आपले पहिले संशोधन दूरदेशीच्या प्राध्यापकाला पाठवतो, तेव्हा ते पत्र त्याच्या नावानिशी, योग्य वेळेचे आणि वाचता येईल असे पोहोचवणे हे या संग्रहाचे काम होय.